उरलेल्याची बरणी

“माझ्या हातचं आता गोड लागत नाही का, जिजी?”

जिजींनी ताटातला शेवटचा घास उचलला. सावकाश चावला.

“लागतं की.”

“मग सकाळी उठल्याबरोबर हेमांगीलाच का विचारता, कालचं काय उरलंय म्हणून?”

“तिला ठाऊक असतं म्हणून.”

प्रमिलाबाई थांबल्या. जिजी आणखी काही बोलतील असं त्यांना वाटलं. पण जिजींनी ताटात हात धुतला, पदराला पुसला आणि भिंतीचा आधार घेत उठल्या.

*

सातपुड्याच्या माथ्यावर, तळ्याच्या काठाला जिजींचं घर होतं. आश्रम म्हणावा तर दारावर पाटी नव्हती. जिजींना गुरू म्हणावं तर त्यांनी कुणाला कधी मंत्र दिला नव्हता. माणसं घाट चढून यायची, मनातलं विचारायची, जेवायची आणि उतरून जायची. उत्तर काहींनाच मिळायचं. जेवण सगळ्यांना मिळायचं.

ते जेवण प्रमिलाबाईंच्या हातचं असायचं.

खाली सपाटीवरच्या एका शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन दूर गेली, तशी त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि एक ट्रंक घेऊन जिजींकडे आल्या. आल्या त्या राहिल्याच. स्वयंपाकघर त्यांनी शाळेसारखं शिस्तीत आणलं. ताटात कुणी काही टाकलेलं त्यांना खपत नसे. “आपल्या घरात अन्न टाकत नाहीत,” एवढं त्या म्हणाल्या की मोठमोठे लोकही मुकाट्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ करत.

जिजींनंतर हे घर आपणच चालवायचं, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. कुणी तसं म्हटलं नव्हतं. पण दुसरं होतंच कोण?

मग हेमांगी आली.

ती नर्स होती. मस्कतला बरीच वर्षं नोकरी करून परतली होती. संसार मोडला होता, त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. चार दिवसांसाठी म्हणून आली, आणि त्याच आठवड्यात घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. भाजीची जीप यायची थांबली. कांदे, बटाटे आणि डाळी तेवढ्या उरल्या.

पठारावर भिकनशेठचं हॉटेल होतं. हंगाम संपला होता, आता रस्ताही गेला, तेव्हा हॉटेलला कुलूप लावून ते पायवाटेने खाली उतरणार होते. जाण्याआधी त्यांनी कोठारातले डबे गड्यांच्या डोक्यावरून जिजींकडे पाठवले. मटार, मक्याचे दाणे, गाजर-फरसबी, मशरूम. सगळं पत्र्याच्या डब्यांत बंद. डबेही हॉटेलच्या मापाचे, एक उघडला की लग्नाची पंगत उठावी एवढे.

घरात जेवणाऱ्या बायका तीन.

पहिला डबा प्रमिलाबाईंनी उघडला. मटार होते. लागले तेवढे उसळीला घेतले, उरलेले डब्यातच ठेवून वर ताटली झाकली आणि डबा फ्रिजमध्ये सारला. दुसऱ्या दिवशी तेच मटार पुन्हा केले. चवीला लोखंड चाटल्यासारखे लागत होते.

जिजी काही न बोलता जेवल्या. हेमांगी मात्र बोलली.

“ताई, उघडल्यावर त्या डब्यात नको ठेवायला. पत्र्याची चव उतरते. काचेच्या बरणीत काढून झाकून ठेवलं की तीनेक दिवस चांगलं राहतं.”

तिच्या आवाजात तोरा नव्हता. असता तर प्रमिलाबाईंना सोपं गेलं असतं.

जिजींनी मान वर केली.

“डबे मग हेमांगी बघेल,” त्या म्हणाल्या.

एवढंच. पण प्रमिलाबाईंनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भाकरी घेतली नाही.

*

हेमांगीने लोणच्याच्या, कॉफीच्या रिकाम्या बरण्या शोधून काढल्या. उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवल्या. डबा उघडला की आधी ती खारं पाणी निथळून घ्यायची, दाणे साध्या पाण्यात एकदा खळबळून घ्यायची आणि लगेच लागणार तेवढे बरणीत भरायची. बाकीचे मुठीमुठीने पिशव्यांत बांधून फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी, पट्टीवर वार.

“मस्कतला खोलीत मी एकटीच,” ती सांगायची. “अर्धा डबा कायम उरलेला. अर्ध्या डब्याचं काय करायचं, एवढं एक मी तिथे शिकले.”

उरलेला मका थालीपिठात गेला. गाजर-फरसबी खिचडीत गेली. मटार वाटून भाकरीच्या पिठात मिसळले, तर भाकरी हिरवीगार झाली आणि जिजी ती हातात धरून लहान मुलीसारख्या बघत बसल्या.

मशरूमचा डबा निघाला तेव्हा प्रमिलाबाई म्हणाल्या, “ही कुत्र्याची छत्री मी चुलीवर चढवणार नाही.”

हेमांगीने ती कांद्यावर, भरपूर मिऱ्याची पूड घालून परतली. जिजींनी दोनदा मागून घेतली.

प्रमिलाबाईंनी इतकी वर्षं रांधलं होतं. जिजींनी दुसऱ्यांदा काही मागून घेतल्याचं त्यांना आठवेना. खरं तर मागावं लागू नये म्हणून त्या आधीच वाढत आल्या होत्या. पण हे त्यांना त्या वेळी सुचलं नाही.

मग त्यांच्या नजरेला एकेक गोष्ट दिसू लागली. जिजींच्या गुडघ्यांना तेल आता हेमांगी लावते. जिजींची राखाडी शाल हेमांगीच्या खांद्यावर असते. आपल्याला जिजी ‘प्रमिला’ म्हणतात, नुसतं प्रमिला. तिला ‘पोरी’ म्हणतात.

दुपारी त्या अंगणात भांडी घासायला बसत, तेव्हा आतून दोघींचं बोलणं ऐकू येई. शब्द कळत नसत. मधेच जिजी हसत. खळखळून, तोंडाला पदर लावून.

माझ्याबरोबर कधी अशा हसल्या?

प्रमिलाबाई राखेने पातेलं घासत राहत. पातेलं केव्हाच लख्ख झालेलं असे.

*

पलीकडच्या पाड्यावर एक बाई अडली होती. तिचा नवरा सकाळी पळत आला. हेमांगीने पिशवी भरली आणि त्याच्याबरोबर निघाली.

“बरणीत मशरूम आहे,” जाताना ती म्हणाली. “कालच काढलंय. परवापर्यंत चांगलं राहील. मी आल्यावर करते.”

“जा तू. बाईकडे बघ,” जिजी म्हणाल्या आणि ती दिसेनाशी होईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

त्या उभ्या राहिल्या, तेच प्रमिलाबाईंना लागलं.

त्यांनी फ्रिज उघडला. बरणी काढली. चुलीला लागून वैल होता, तिथे भांडं नुसतं कोमट राहतं. त्या वैलावर त्यांनी बरणी ठेवली आणि पुढ्यात मोठं पातेलं उभं केलं.

आपण फार काही करत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. भाजी थोडी आंबेल. झाकण उघडलं की वास येईल. जिजी नाक मुरडतील, म्हणतील, हेमांगी, हे काय गं? बस, एवढंच ऐकायचं होतं. एकदाच.

त्यांनी शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं होतं. अन्नाच्या विषबाधेचा धडा त्यांना तोंडपाठ होता. तो धडा त्यांना आठवला नाही असं नाही. आठवला. त्यांनी तो आठवू दिला नाही.

बरणी तो दिवस आणि ती रात्र वैलावर होती. सकाळी त्यांनी ती पुसून परत फ्रिजमध्ये, जिथल्या तिथे ठेवली.

*

हेमांगी दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या थोडं आधी आली. चिखलाने भरलेली, डोळे लाल. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

“जा, झोप,” जिजी म्हणाल्या. “जेवण प्रमिला करेल.” मग प्रमिलाबाईंकडे वळून म्हणाल्या, “बरणीतलं आज तूच कर.”

असं होईल हे प्रमिलाबाईंनी धरलं नव्हतं. पण बिघडलं काय? उलट सोपं झालं. त्यांनी बरणी आणली, जिजींच्या समोर बसून झाकण फिरवलं. आंबूस, दाट वास वर आला.

“बघा, जिजी. तुमच्या हेमांगीची बरणी.”

जिजींनी वाकून वास घेतला.

“पोरी,” त्यांनी हाक मारली.

हेमांगी आतल्या खोलीतून आली. बरणी नाकाशी नेली आणि दचकून बाजूला केली.

“असं कसं झालं?” मग डोळे चोळत म्हणाली, “माझंच चुकलं असेल. घाईत होते, झाकण नीट बसवलं नसेल. फेकून देते.”

“राहू दे. तू झोप जा.”

“पण जिजी, हे कुणी…”

“झोप म्हणते ना.”

ती गेली. जिजींनी तिला एका शब्दाने विचारलं नव्हतं. नाक मुरडलं नव्हतं. हे काय गं, म्हटलं नव्हतं. एवढं करून प्रमिलाबाईंच्या हाती काहीच लागलं नाही.

“आण ती बरणी इकडे,” जिजी म्हणाल्या.

“कशाला?”

“खायला.”

“खराब झालंय ते.”

“आपल्या घरात अन्न टाकत नाहीत. तूच सांगतेस सगळ्यांना.”

“अहो, पण आंबलंय…”

“असू दे. पोरीने ठेवलंय. तिच्या हातचं मला बाधायचं नाही.”

प्रमिलाबाईंच्या छातीत काहीतरी चर्रकन भाजलं. एक क्षण, फक्त एक क्षण, त्यांच्या मनात आलं… खा मग.

जिजींनी बरणीत दोन बोटं घातली. एक फोड बाहेर काढली. तिच्यावरून चिकट पाणी ओघळलं. हात तोंडाकडे निघाला. म्हातारा हात. घाई नव्हती त्याला.

प्रमिलाबाईंनी तो हात फटकन उडवला.

बरणी फरशीवर पडून फुटली. काचा चुलीपर्यंत गेल्या.

“तिने नाही ठेवलं,” त्या म्हणाल्या. आवाज आपला आहे की दुसऱ्या कुणाचा, हे त्यांना कळेना. “मी ठेवलं. वैलावर… कालपासून.”

जिजी बोटं पुढे धरून बसून राहिल्या.

प्रमिलाबाईंनी तांब्या आणला. साबण आणला. त्या बोटांवर पाणी ओतत राहिल्या, चोळत राहिल्या. तांब्या रिकामा झाला तरी ओतत होत्या.

“तोंडात गेलं का? जिजी, तोंडात काही गेलं का?”

“नाही.”

“मी नसता उडवला तर… खाल्लं असतंत?”

जिजींनी विचार केला.

“माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

*

फुटल्याचा आवाज ऐकून हेमांगी उंबऱ्यात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती रडली नाही. झाडू घेतला, काचा गोळा केल्या, सांडलेलं कागदात गुंडाळून लांब नेऊन पुरलं आणि फरशी गरम पाण्याने दोनदा पुसली. प्रमिलाबाई भिंतीशी बसून होत्या. सगळं झाल्यावर ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

“यातून माणूस मरतं, ताई. मी पाहिलंय. शिकलेल्या बाईला हे सांगायला लागू नये.”

“मला ठाऊक होतं.”

“ठाऊक होतं?”

“हो.”

हेमांगी थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिथेच, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली.

“मी काय केलं होतं तुमचं?”

“तू काही केलं नाहीस. त्या तुझ्याबरोबर हसतात.”

“हसतात.” हेमांगीने तोंड वाकडं केलं. “काय ऐकून हसतात, ठाऊक आहे? प्रमिलाने कलेक्टरला ताट कसं पुसायला लावलं. प्रमिला पहिल्यांदा चुलीशी बसली तेव्हा कशी डोळे चोळत पळाली. मी तेल लावत असते आणि त्या तुमचंच सांगत असतात. प्रमिलाचं वरण, प्रमिलाची शिस्त. माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नाही. मी कालची आलेली.” ती थांबली. “कान किटले होते माझे. तुमचं नाव निघालं की जिवावर यायचं. मला वाटायचं, एखादी बरणी जास्त चांगली ठेवली तर एक दिवस माझंही नाव निघेल.”

प्रमिलाबाईंनी पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही,” हेमांगी म्हणाली. “आज तरी नाही.”

“नको म्हणूस.”

दोघी तशाच बसल्या. चूल विझत आली होती. फुंकायला कुणी उठलं नाही.

*

प्रमिलाबाईंनी ट्रंक भरली. फार वेळ लागला नाही. पायवाट निसरडी होती, पण भिकनशेठ उतरले होते, आपणही उतरू, असा त्यांनी हिशेब केला.

जिजी ओट्यावर मटाराचा डबा घेऊन बसल्या होत्या. हातात उघडायची चावी, पण पात्याची पकड बसत नव्हती. प्रमिलाबाई ट्रंक घेऊन समोर आल्या.

“येते, जिजी.”

“आज जेवणच झालं नाही कुणाचं,” जिजी म्हणाल्या. “हा एवढा उघडून दे.”

प्रमिलाबाई घुटमळल्या. मग ट्रंक खाली ठेवली. डबा मांडीवर घेतला आणि कडेकडेने चावी फिरवत नेली. झाकण सुटलं. आत मटार काठोकाठ होते.

“तिघींना केवढे लागतील?”

“मूठ मूठ,” प्रमिलाबाई म्हणाल्या. सवयीनेच.

“बाकीचे?”

प्रमिलाबाई उठल्या. आतून स्वच्छ बरणी आणली. मटार निथळले, साध्या पाण्यात खळबळले, थोडे बरणीत भरले, बाकीचे पिशव्यांत बांधायला बाजूला काढले. हेमांगी दाराशी येऊन बघत होती. तिने चिकटपट्टीचा तुकडा फाडला, त्यावर वार लिहिला आणि पुढे केला.

प्रमिलाबाईंनी तो बरणीवर चिकटवला. अंगठ्याने दाबला. दाबतच राहिल्या.

हेमांगी बरणी आणि पिशव्या घेऊन आत गेली. चुलीत फुंकर मारल्याचा आवाज आला. धूर दारातून बाहेर पडू लागला.

जिजी डोळे मिटून बसल्या होत्या. प्रमिलाबाई त्यांच्या पायाशी टेकल्या. विचारू नये असं त्यांना वाटत होतं. तरी विचारलं, कारण न विचारता आत गेल्या असत्या तर तो प्रश्न त्यांच्याबरोबर रोज जेवायला बसला असता.

“एक खरं सांगाल, जिजी?”

“हं.”

“तिच्यावर तुमचा जीव जास्त आहे ना?”

“जास्त आहे.”

प्रमिलाबाईंनी मान खाली घातली. आतून फोडणीचा वास आला.

“आणि… माझ्यावर?”

जिजींनी डोळे उघडले. प्रमिलाबाईंच्या केसांना लागलेला मटाराचा एक दाणा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

“तुझ्यावरही जास्त आहे.”